मित्र मुंबईला येताहेत. खर्चाचे कोणी बोलायचे?

पत्राचा गोषवारा: डोंबिवलीत आईसोबत राहणाऱ्या आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचे हे पत्र आहे. महाविद्यालयातील चार मित्र-मैत्रिणी डिसेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी मुंबईला येत असून ते दादरला उतरणार आहेत. एक मित्र दुबईत स्थायिक आहे, दुसरा पुण्यात असतो आणि तिसरा लातूरला शाळेत शिकवतो. बेंगळुरूची मैत्रीण शाकाहारी आहे आणि दारू घेत नाही. ‘तू मुंबईकर, तूच सगळे ठरव,’ असे सर्वांनी सांगितले आहे. मात्र दुबईचा मित्र रोज लोअर परळ आणि बीकेसीमधील गच्चीवरच्या बारच्या लिंक पाठवतो आहे. गेल्या वर्षी पुण्यात हेच पाच जण भेटले तेव्हा बिल २१,००० रुपये झाले आणि ते समान वाटले गेले. पत्रलेखिकेने एक बिअर घेतली होती. तिच्या वाट्याला ४,२०० रुपये आले. हातात येणारा पगार ४१,००० रुपये आहे आणि त्यातून घराचा हप्ता जातो. यंदा क्रेडिट कार्डावर निभावून न्यावे, की शनिवारी संध्याकाळी कार्यालयाचे काम निघाले असे सांगून टाळावे, या विचारात त्या आहेत. ‘कंजूष न दिसता स्वस्तात कसे निभावू? मुंबईत राहून त्यांना साध्या ठिकाणी नेले तर काय म्हणतील?’ असे त्या विचारतात.

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात दुबईच्या मित्राविषयी जवळजवळ अर्धे पान आहे. लातूरच्या मित्राविषयी मात्र एकच वाक्य आहे: ‘तो ग्रुपवर फारसे बोलत नाही.’ मी उत्तराची सुरुवात त्या वाक्यापासून करते. जो माणूस एरवी तुमच्याशी मोकळेपणाने बोलतो, तो कुठे जायचे हा विषय निघाला की गप्प का होतो? त्याचे कारण मला माहीत नाही, पण ज्या कारणाने तुम्ही त्या लिंकांवर नुसते अंगठ्याचे चिन्ह टाकून गप्प बसता, तेच त्याचेही असण्याची शक्यता बरीच आहे. पुण्याचे ते ४,२०० रुपये कदाचित त्यालाही जड गेले असतील. न पिणाऱ्या बेंगळुरूच्या मैत्रिणीने तर दुसऱ्यांच्या ग्लासांचेच पैसे भरले. म्हणजे पाच जणांपैकी तिघांना ती वाटणी खटकली असू शकते आणि तरीही ‘सगळ्यांना तसेच हवे असते’ हा समज मात्र पाचही जणांचा झाला आहे. तेव्हा ग्रुपवर काहीही लिहिण्याआधी लातूरच्या मित्राला फोन करा आणि सरळ विचारा. दोघांनी मिळून मांडलेली गोष्ट एकट्याची तक्रार वाटत नाही.

आता दुबईच्या मित्राकडे वळू. तो महागडीच ठिकाणे सुचवतो याचा अर्थ त्याला महागच हवे आहे, असा तुम्ही घेतला आहे. परदेशातून मुंबईचा शोध घेणाऱ्या माणसाच्या फोनवर जी ठिकाणे सर्वांत आधी येतात, तीच तो पुढे पाठवतो आहे, इतका साधा अर्थही असू शकतो. गच्चीवरचे बार दुबईत त्याला हवे तितके मिळतात. धोबी तलावावर १९०४ पासून चालू असलेल्या कयानी या इराणी कॅफेत संगमरवरी टेबलाशी बसून ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात बुडवणे, किंवा माटुंग्याला केळीच्या पानावर सांबार-भात जेवणे त्याला तिथे मिळत नाही. आणि तुमच्याखेरीज हे त्याला दाखवणारे दुसरे कोणी नाही. ‘साध्या ठिकाणी नेले तर काय म्हणतील’ ही तुमची भीती त्यामुळे मला फारशी पटत नाही. अट एवढीच, की ती जागा परवडते म्हणून नाइलाजाने नेले असे तुमच्या वागण्यातून दिसता कामा नये. माफी मागत नेलेल्या जागी कोणालाच मजा येत नाही.

पुण्याच्या बिलाकडे थोडे बारकाईने पाहा, कारण उपायही त्यातच आहे. पाच जणांच्या जेवणाने २१,००० रुपये होत नाहीत. ते मद्याने होतात. महाराष्ट्रात बार आणि परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील, म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिस्की-रमवरील, उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. त्यात बऱ्याच ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क असते. मेन्यूकार्डावर ८०० रुपये लिहिलेले कॉकटेल व्हॅट आणि सेवाशुल्क धरून साडेनऊशेच्या पुढे जाते, आणि पाच जणांच्या टेबलावर असे दहा-बारा ग्लास सहज होतात. जेवणावर मात्र साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्केच जीएसटी लागतो. जेवण आणि मद्य एकाच टेबलावर, एकाच बिलात आले की दोन अगदी वेगळ्या प्रमाणांचे खर्च मिसळतात आणि मग ‘पाचने भागा’ म्हणणे सर्वांत सोपे ठरते. त्यात कोणाचीही लबाडी नसते. रात्री साडेअकराला हिशेब मांडायला कोणाचीच तयारी नसते, एवढेच.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा, की जेवण एका ठिकाणी ठेवा आणि पिणे दुसऱ्या ठिकाणी. या बाबतीत मुंबई तुमच्या बाजूने आहे. या शहरातील स्वस्त आणि उत्तम खाण्याची बहुतेक ठिकाणे, म्हणजे उडुपी हॉटेले, मराठी उपाहारगृहे, खानावळी आणि भेंडी बाजारची हॉटेले, मद्य ठेवतच नाहीत. तिथले बिल पाचने भागले तरी कोणावर अन्याय होत नाही, कारण एकाने दोन डोसे जास्त खाल्ले म्हणून फारसा फरक पडत नाही. पिण्याच्या ठिकाणी मात्र ज्याचे त्याने द्यायचे. महाविद्यालयात याला आपण टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझे, मी माझे’, म्हणत होतो आणि तेव्हा त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

शनिवार तुम्ही दक्षिण मुंबईत ठेवावा आणि रविवार दादर-माटुंग्याला. फोर्टमधील कितीतरी खानावळी कार्यालयांवर चालतात आणि रविवारी बंद असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. शनिवारी दुपारी कयानीपासून सुरुवात करता येईल. सीएसएमटीवरून चालत जाण्याजोगे आहे, खिमा पाव आणि अकुरी खाणाऱ्यांची सोय होते आणि शाकाहारी मैत्रिणीला मस्कापाव आणि चहा मिळतो. ज्यांना मासे हवेत त्यांच्यासाठी गोमंतक पद्धतीच्या खानावळी आहेत, पण तिथे एक सावधगिरी बाळगा. ताटाचा दर ठरलेला असतो. खर्च फुगतो तो वेगळ्या मागवलेल्या पापलेट किंवा सुरमईने. भावाच्या जागी ‘आकारानुसार’ असे लिहिले असेल तर ऑर्डर देण्यापूर्वी आकडा विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मासळी बाजारात आपण भाव विचारल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. बांगडा, मांदेली आणि बोंबील तुलनेने स्वस्त असतात आणि बोंबील तर मुंबईचाच. ज्या वाचकांकडे पाहुणे पावसाळ्यात येतात त्यांनी लक्षात ठेवावे, की १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ताज्या मासळीचे भाव चढलेले असतात.

शनिवारच्या रात्रीच्या जेवणासाठी तुमचा गट सामिष खाणाऱ्यांचा असता, तर मी भेंडी बाजारातील नूर मोहम्मदी सुचवले असते. १९२३ पासूनचे हे हॉटेल नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध आहे. पण पाचातील एकीला तिथे दालरोटीवर बसवून चौघांनी निहारी खाणे मला बरे वाटत नाही. त्यापेक्षा काळबादेवी-झवेरी बाजाराच्या गल्ल्यांमध्ये भगत ताराचंद या नावाची शाकाहारी भोजनालये आहेत. मूळ दुकान १८९५ मध्ये कराचीत सुरू झाले आणि फाळणीनंतर मुंबईत आले. कुटुंबाच्या शाखा झाल्या, म्हणून नावाच्या आधीची आद्याक्षरे निरनिराळी दिसतात. तुपात भिजलेल्या चपात्या, भाज्या आणि ‘काली बाटली’ म्हणून ओळखले जाणारे बाटलीतले ताक यांवर पाच जण पोटभर जेवतात, आणि गच्चीवरच्या बारमधील दोन कॉकटेलच्या आसपास सगळा हिशेब आटोपतो. मांसाहारी मंडळी कुरकुरतील. एका रात्रीची कुरकुर चालते.

रविवारी सकाळी दादरला पाहुणचार तुमचा. याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात ‘मी मुंबईची, मग मीच द्यायला हवे ना?’ हा प्रश्न दोनदा आला आहे. आपल्याकडे पाहुण्याला खिशात हात घालू न देण्याची रीत आहे, आणि काउंटरवर दोन गृहस्थ एकमेकांचे मनगट धरून बिलासाठी झगडताहेत हे दृश्य आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेले आहे. त्या रीतीत आपुलकी आहे हे मला मान्य आहे. पण ती रीत घरी आलेल्या पाहुण्यासाठी होती. स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या खर्चाने शहर पाहायला आलेल्या कमावत्या मित्रांच्या दोन दिवसांच्या खाण्यापिण्याची जबाबदारी यजमानावर येते, असे मला वाटत नाही. तरीही मनाला रुखरुख लागत असेल तर एक खाणे संपूर्ण तुमचे ठेवा आणि ते आधीच जाहीर करा: ‘रविवारचा नाश्ता माझ्याकडून.’ दादर स्थानकासमोरच्या, १९१० पासूनच्या मामा काणेंचा बटाटेवडा असो, गोखले रोडवरच्या प्रकाशमधील साबुदाणा वडा आणि पीयूष असो, की शिवसेना भवनासमोरच्या आस्वादमधील मिसळ आणि थालीपीठ असो. पाच जणांना आग्रहाने, पुन्हा मागवून खाऊ घालण्याचे समाधान तिथे तुम्हाला हप्ता न चुकवता मिळेल. आईची तयारी असेल आणि मित्रांना डोंबिवलीपर्यंत येण्याचा उत्साह असेल, तर घरचा नाश्ता याहून उत्तम. क्रेडिट कार्डाचा विचार मात्र सोडून द्या. दोन दिवसांची भेट पुढचे चार-सहा महिने व्याजासकट फेडत बसलात, तर मित्रांविषयी मनात जी कटुता साचेल ती त्यांना कळणारही नाही आणि तुम्हाला सांगताही येणार नाही.

दुपारी माटुंगा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाबाहेर, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. केळीच्या पानावरचे पोटभर जेवण आणि मोजके ताट असे दोन्ही प्रकार तिथे मिळतात. रविवारी रांग असते, म्हणून लवकर जा. पश्चिम रेल्वेवरील माटुंगा रोडला उतरू नका, हे बाहेरगावच्या मंडळींना आवर्जून सांगा. आणि रविवार असल्यामुळे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते शनिवारीच पाहून ठेवा.

आता पिण्याविषयी. स्वस्तात बसायचे तर परमिट रूम हा मुंबईचा जुना मार्ग आहे. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीतील गोकुळ सर्वांना माहीत आहे. फोर्टमध्ये कॅफे मिलिटरीसारख्या इराणी जागी बिअर मिळते. लिओपोल्ड आणि माँडेगार पाहण्यासारखी आहेत, पण तिथले दर पर्यटकांच्या खिशाला बेतलेले आहेत. बहुतेक परमिट रूममध्ये एसी आणि बिगरएसी भागाचे दर वेगळे असतात. बसण्याआधी ते विचारा. पेगऐवजी १८० मिलिलिटरची क्वार्टर मागवून दोघा-तिघांनी वाटून घेतली की बहुधा स्वस्त पडते. मद्याच्या २०२५ च्या शुल्कवाढीतून बिअर वगळलेली होती, त्यामुळे तुमच्यासारख्या एका बिअरवर थांबणाऱ्यांना तितकी झळ लागत नाही. चकण्यात शेंगदाणे किंवा काकडी मोफत येते की तिचे पैसे लागतात, हेही विचारून घ्यावे. बाटलीबंद पाणी नको असेल तर साधे पाणी मागा; ते देण्यात कोणी उपकार करत नाही.

परंतु परमिट रूमचे मी आंधळे कौतुक करणार नाही. तुम्ही दोघी स्त्रिया आहात, त्यातील एक पीत नाही. काही ठिकाणी संपूर्ण खोलीत तुम्ही दोघीच स्त्रिया असाल, स्वच्छतागृह यथातथाच असेल आणि शेजारच्या टेबलाचा आवाज चढत जाईल. मित्र सोबत आहेत म्हणून चालवून घ्या, असे मी सांगणार नाही. कार्यालयातल्या सहकाऱ्यांसोबत तुम्ही जिथे गेला आहात आणि जिथे तुम्हाला अवघडल्यासारखे झाले नाही, तेवढीच जागा निवडा. बेंगळुरूच्या मैत्रिणीला आधी विचारा. तिची तयारी नसेल तर बेत बदला. तिघांच्या स्वस्त व्हिस्कीसाठी ते अवघडलेपण तिने का सोसायचे?

त्या परिस्थितीत, आणि खरे तर एरवीही, दुबईच्या मित्राच्या गच्चीला एक तास द्यायला हरकत नाही. उंचावरून हे शहर पाहण्यात मजा आहे. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला पोहोचा, बऱ्याच बारमध्ये संध्याकाळी सात-आठपर्यंत सवलतीचे दर असतात. प्रत्येकाने एकेक पेय घ्यावे, खायला काही मागवू नये आणि सातला जेवायला निघावे. ‘एकावर एक मोफत’ असेल तर तो दुसरा ग्लास आपल्याला मुळात हवा होता का, याचा विचार ज्याने त्याने करावा. बसतानाच वेटरला सांगा, ‘बिले वेगवेगळी करा.’ शेवटी सांगितले तर तो आणि तुम्ही दोघेही हैराण होता. बिलात सेवाशुल्क लावलेले असेल तर ते सक्तीचे नाही: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शांतपणे ‘हे काढून द्या’ म्हटले की बहुतेक ठिकाणी काढून देतात. न काढल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सेवा आवडली तर वेटरच्या हातात टीप द्या. कोणी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बाटली उघडण्याची कल्पना काढली तर मात्र ठाम नकार द्या. सार्वजनिक जागी पिणे गुन्हा आहे. तरुण वाचकांसाठी हेही सांगते, की महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.

हे सगळे ग्रुपवर मांडायचे कसे, ही तुमची खरी अडचण. लांबलचक खुलासा करू नका आणि पगाराचा आकडाही सांगू नका. लातूरच्या मित्राशी बोलून झाल्यावर साधारण असे लिहा: ‘मंडळी, बेत ठरला. दोन दिवसांचे खाणे आणि फिरणे मिळून माणशी दोन हजारांत बसवते आहे. ते सुरुवातीलाच माझ्याकडे जमा करा, उरले तर परत. दारूचे ज्याचे त्याने. शनिवारी पाच ते सात गच्ची, जागा दुबईकरांनी निवडावी. रविवारचा नाश्ता माझ्याकडून. यंदा माझे बजेट एवढेच आहे, तेव्हा यात बसवू.’ शेवटचे वाक्य गाळू नका. ते लिहिताना तुम्हाला जड जाईल, पण लातूर आणि बेंगळुरूहून पहिली उत्तरे त्यालाच येतील असा माझा अंदाज आहे. आकडा तुमच्या सोयीने बदला. पण आकडा लिहाच, कारण ‘फार महाग नको’ या शब्दांचा अर्थ दुबईत एक होतो आणि लातूरला दुसरा. कार्यालयाच्या कामाचे निमित्त काढलेत तर तुमचे ४,००० रुपये वाचतील, परंतु पुढच्या वर्षीचा बेतही पुन्हा त्याच लिंकांवर ठरेल.

यजमानाचा एक खर्च सगळेच विसरतात, तो म्हणजे परतीचा. मित्र दादरला झोपायला जातील. तुम्हाला डोंबिवली गाठायची आहे. रात्री एक वाजता टॅक्सीने जायचे ठरले तर दिवसभर केलेली सगळी काटकसर त्या एका फेरीत जाईल. आईला आणि मित्रांना आधीच सांगून ठेवा, की साडेदहाची लोकल धरायची आहे. उरलेल्यांना बसायचे असेल तर बसू द्या. तुम्ही निघालात म्हणून मैफल मोडत नाही, आणि बिले वेगळी असल्यामुळे निघताना मागे काही ठेवावे लागत नाही.

एक शक्यता उरते. तुमचा संदेश वाचून दुबईचा मित्र म्हणेल, ‘पैशांचे सोडा, सगळे मी देतो.’ तो हे मनापासून म्हणत असेल. त्याला पूर्ण नकार देऊन दुखवू नका आणि पूर्ण होकारही देऊ नका, कारण दोन्ही दिवसांचा खर्च एकाने उचलला की ठिकाणेही तोच ठरवू लागतो आणि उरलेल्यांना मेन्यूकार्ड उघडताना संकोच होतो. त्याने निवडलेल्या गच्चीवरची एक फेरी त्याची, असे मोकळेपणाने मान्य करा. बाकीचा बेत सांगितल्याप्रमाणे चालू द्या. रविवारच्या नाश्त्याला त्याने काउंटरवर हात पुढे केला, तर तो मात्र मागे ढकला.